लोकसंगीत आणि रेनेसाँ फेअर: मेरीलँडमधल्या आमच्या शनिवार-रविवारबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सप्टेंबरात आम्ही काही मराठी घरं अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एकत्र जमतो. शुक्रवारी रात्री आणि शनिवारी वाजवायचं, रविवारी क्राउन्सव्हिलच्या रेनेसाँ फेअरला, म्हणजे सोळाव्या शतकातल्या इंग्लंडचा देखावा उभा करणाऱ्या जत्रेला जायचं, एवढाच बेत. पण नवीन कुणी यायचं ठरवलं की फोनवर तेच प्रश्न येतात, आणि फोनवर उत्तरं अर्धवट राहतात. म्हणून इथे एकदा सविस्तर लिहून ठेवते. मी मिरजेची, व्हायोलिन तिथेच शिकले, आणि आता बरीच वर्षं इथे फिडल, म्हणजे लोकसंगीताच्या पद्धतीने व्हायोलिन, वाजवते. त्यामुळे वाद्यांच्या प्रश्नांची उत्तरं जरा लांबली आहेत.

दोन दिवसांत नेमकं काय काय होतं?

शुक्रवारी संध्याकाळी सातपर्यंत सगळे आमच्याकडे पोचतात. जेवणं झाली की दिवाणखान्यातली टेबलं बाजूला सारून गोल करून बसतो आणि सोप्या आयरिश ट्यून, म्हणजे धुना, सावकाश वाजवतो. शनिवारी सकाळी पुन्हा तेच, जरा वेगात. दुपारी ज्यांना यायचंय ते बाल्टिमोरकडच्या एका पबमधल्या आयरिश सेशनला, म्हणजे वादक टेबलाभोवती जमून वाजवतात त्या बैठकीला येतात. रात्री परत घरी, आणि तेव्हा आपली गाणी: ओव्या, गवळणी, भारुडं, कोळीगीतं. रविवारी सकाळी फेअर. सोमवारी ऑफिस असतं, म्हणून लांबून येणारी मंडळी फेअरमधूनच दुपारी चारच्या सुमारास निघतात.

तारीख कशी ठरवता? दरवर्षी पितृपक्षातच का येते?

फेअर ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतं आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत फक्त शनिवार-रविवारी चालतं, शिवाय लेबर डेचा सोमवार. त्यात गणपती सोडून कुणी येत नाही, आणि नवरात्र लागलं की भोंडला नि गरब्यात मुली अडकतात. मधले जे दोन शनिवार-रविवार उरतात ते बहुतेक वेळा पितृपक्षात पडतात. ज्यांच्या घरी त्या दिवशी तिथी असते ते येत नाहीत, आणि त्यात गैर काही नाही. बाकीच्यांनी यावं. गाण्याबजावण्याला कुणाच्या आजोबांची हरकत असेल असं मला मनापासून वाटत नाही.

रेनेसाँ फेअर ही युरोपातून आलेली जुनी जत्रा आहे का?

नाही. जत्रा युरोपात होत्याच, पण हा प्रकार अमेरिकेतला, आणि तसा अलीकडचा. 1963 च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसला फिलिस पॅटरसन आणि त्यांचे पती रॉन यांनी पहिलं ‘रेनेसाँ प्लेझर फेअर’ भरवलं. ते केपीएफके या श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या रेडिओ केंद्रासाठी निधी जमवायला होतं. फिलिसबाई शिक्षिका होत्या. घरच्या अंगणात मुलांना नाटक शिकवताना त्यांनी इटलीतल्या रस्त्यावरच्या जुन्या नाटकांचे खेळ बसवले होते, आणि त्यातूनच या जत्रेची कल्पना निघाली. पुढे मिनेसोटा, टेक्सस असं करत हे देशभर पसरलं.

मेरीलँडचं फेअर 1977 ला कोलंबिया गावात सुरू झालं आणि 1985 पासून ॲनापोलिसजवळ क्राउन्सव्हिलला भरतं. झाडीत कायमची लाकडी घरं, रंगमंच, दुकानं बांधलेली आहेत. त्या काल्पनिक गावाचं नाव रेव्हल ग्रोव्ह. इंग्लंडचा सोळाव्या शतकातला राजा आठवा हेन्री या गावाला भेट द्यायला आलाय, अशी कथा. दरवर्षी ती थोडी पुढे सरकते. त्यामुळे त्याच्या राण्यांपैकी कुठल्या साली तुम्हाला कॅथरीन दिसेल, कुठल्या साली ॲन बोलिन, कुठल्या साली जेन सिमोर. नियमित जाणारी माणसं तर गेल्या वर्षी दरबारात काय झालं होतं त्यावर चर्चा करत आत शिरतात.

ही म्युझियमसारखी अचूक जागा नाही हे आधीच सांगते. परीचे पंख लावलेली मुलगी, चाचे, व्हायकिंग सगळे भेटतात. सगळ्यांनी मिळून मनापासून खेळायचा तो खेळ आहे, आणि खेळात सामील झालात तरच मजा येते. हात बांधून चुका शोधत फिरलात तर दोन तासांत कंटाळाल.

मला काहीच वाजवता येत नाही. येऊ का?

जरूर या. दर वेळी निम्मी मंडळी नुसती ऐकणारीच असतात, आणि ऐकणारे चांगले असले की वाजवणाऱ्यांचा हात आपोआप सैल होतो. काही वाजवून बघायचंच असेल तर टिन व्हिसल घ्या. पत्र्याची, सहा भोकांची, डी पट्टीची. दहा-पंधरा डॉलरमध्ये चांगली मिळते. बासरी कधी हातात धरली असेल तर पहिल्याच तासात स्वर निघेल, कारण फुंक कशी मारायची याची चिंताच नाही, शिट्टीसारखी तोंडात धरायची. जोर मात्र आवरा. खालचा सप्तक फुंकरीएवढ्या हवेत वाजतो, आणि नवखे सगळे दुप्पट हवा घालतात.

मी भारतीय पद्धतीचं व्हायोलिन वाजवते. फिडल जमेल का?

वाद्य एकच आहे. सवयी वेगळ्या आहेत. पहिली गोष्ट म्हणजे तारा. आपण साधारण सा-प-सा-प असं लावतो, इथे जी-डी-ए-ई, म्हणजे प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमावर. येण्याआधी निदान पंधरा दिवस तारा तशा लावून बोटं फिरवा, नाहीतर शनिवारी बोट पडेल तिथे भलताच स्वर निघेल. जाड तारांचा भारतीय संच लावला असेल तर तो बदलूनच घ्या. जुन्या तारा ओढून चढवल्या की तुटतात.

दुसरी गोष्ट बैठक. मांडी घालून, वाद्याचा शेंडा घोट्यावर टेकवून वाजवायची सवय असेल तर घरी तसंच बसा, आम्ही सतरंजी घालतो. पबमध्ये मात्र खुर्ची असते आणि वाद्य खांद्यावर धरावं लागतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. आपल्याला मींड घ्यायचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचा, मोह होतो. आयरिश ट्यूनमध्ये स्वर सुटे असतात आणि अलंकार बोटाच्या झटक्यातून येतो. ‘कट’ म्हणजे वरच्या स्वराला ओझरता स्पर्श, आणि ‘रोल’ म्हणजे मूळ स्वराभोवती वरून-खालून मारलेली छोटी गिरकी. आपली मुरकी नि खटका ज्यांच्या बोटात आहे त्यांना रोल पटकन कळतो. मला मात्र कमान, म्हणजे गज, चालवायची सवय बदलायला दोन वर्षं लागली. तिथे गाण्याची लय कमानीतून येते, डाव्या हातातून नाही. आधी एखादी पोल्का घ्या, नाचाची, दोन-दोन मात्रांची, आणि फक्त उजव्या हाताकडे लक्ष ठेवा.

पेटी आणली तर चालेल का? कुठल्या पट्टीत वाजवता?

घरी चालेल, आनंदाने. बहुतेक ट्यून पांढरी दोन किंवा पांढरी पाचमध्ये असतात, म्हणजे डी आणि जी. पण पट्टी कळली म्हणजे काम झालं असं नाही. मला स्वतःला ज्या दिवशी पुढची गोष्ट उमगली त्या दिवसापासून हे संगीत आपलंसं वाटायला लागलं.

टिन व्हिसलवर जे सात स्वर निघतात ते डी सा धरून वाजवले तर बिलावल थाट. तेच सात स्वर, भोकं तीच, पण ट्यून ई वर येऊन विसावते, म्हणजे ई हा सा झाला, की गंधार-निषाद कोमल होऊन काफी थाट उभा राहतो. ए ला सा धरलं की फक्त निषाद कोमल, म्हणजे खमाज. बी वरून आसावरी. आपल्याकडच्या मूर्च्छनेचाच, म्हणजे स्वर तेच ठेवून सा बदलण्याचा, प्रकार हा. आयरिश वादक याला वेगळी नावं देतात, बरेच जण तर नावंही घेत नाहीत, पण कान तिथेच पोचलेले असतात. एकदा शुक्रवारी रात्री आमच्यातल्या एका काकूंनी एका रीलच्या, म्हणजे जलद नाचाच्या ट्यूनच्या, पहिल्या ओळीवर पेटीवर काफीचं चलन वाजवलं. समोर बसलेला फिडलवाला थांबला, फिडल मांडीवर घेतलं आणि म्हणाला, पुन्हा वाजवा. तीनदा वाजवून घेतलं त्याने.

पेटीचा भाता आणि कॉन्सर्टिना या हातात धरायच्या छोट्या वाद्याचा भाता, दोन्हीत धातूच्या पट्ट्या हवेने थरथरून स्वर निघतो, म्हणून दोघींचा आवाज एकमेकींत छान मिसळतो. पबमध्ये पेटी नेऊ नका एवढंच. जागा लागते, आणि त्या टेबलाभोवती सहा-सात माणसं कोपराला कोपर लावून बसलेली असतात.

मी तबला वाजवतो. मला जागा आहे ना?

आहे, पण अट घालते. एका वेळी एकच चामड्याचं वाद्य.

जिग म्हणजे सहा मात्रांची नाचाची ट्यून, तीन-तीनच्या दोन भागांत. दादरा वाजवणाऱ्याला ती ऐकताक्षणी कळते. रीलला केरवा बसतो, फक्त लय बरीच चढी. नऊ मात्रांची स्लिप जिग असते, तीन-तीन-तीन, तिथे जरा बोटं मोडावी लागतील. पण आपली सवय असते ती तिहाई घेऊन समेवर यायची आणि टाळ्या घ्यायची. तसं इथे करायचं नाही. आयरिश सेशनमध्ये ठेका हा ट्यूनच्या पाठीवर ठेवलेला हात असतो. तबला घरच्या बैठकीत मोकळेपणाने वाजवा, आणि पबमध्ये नुसतं ऐका किंवा बाउरान शिका.

बाउरान म्हणजे बकऱ्याचं कातडं ताणलेली मोठी चौकट, छोट्या दोन टोकांच्या काठीने वाजवतात. आपल्या हलगी नि दिमडीच्याच घरातली. आमच्याकडे जत्रेत हलगीवाले चगाळा पेटवून त्यावर हलगी शेकायचे, आठवतं? कातडं दमट झालं की बसतं, शेकलं की टणत्कार येतो. बाउरानचं उलटंही होतं. एसीच्या कोरड्या खोलीत कातडं इतकं ताणतं की आवाज कर्कश होतो, मग वादक तळहातावर पाण्याचे दोन थेंब घेऊन आतून चोळतो. आणि सप्टेंबरातल्या मेरीलँडच्या दमट संध्याकाळी अंगणात नेलं की तेच कातडं सैल पडतं. शेकोटीजवळ नेऊ नका मात्र. चौकटीचा सरस सुटतो. आता बऱ्याच बाउरानांना आतून ताण द्यायची कडी असते, तेवढी चावी बरोबर आणा.

सेशनमध्ये बसायचे काही नियम आहेत का?

लिहिलेले नाहीत, पण आहेत. आत गेल्यावर आधी बाहेरच्या बाजूला बसा आणि निदान दोन-तीन सेट नुसते ऐका. सेट म्हणजे न थांबता एकामागून एक वाजवलेल्या दोन-तीन ट्यून. प्रत्येक ट्यूनचे साधारण दोन भाग, प्रत्येक भाग आठ बारचा (तालाच्या आवर्तनांचा) नि दोनदा, आणि अख्खी ट्यून बहुतेक ठिकाणी तीन वेळा. तिसऱ्या फेरीच्या शेवटी ज्याने सेट सुरू केला तो मान वर करतो किंवा ‘हप’ म्हणतो, आणि पुढची ट्यून सुरू होते. त्या माणसाकडे बघत राहा.

जी ट्यून येत नाही ती तिथे बसून चाचपडत वाजवू नका. सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो, आणि कुणी बोलून दाखवत नाही. वाद्य मांडीवर ठेवून ऐकलंत तर तुमच्याबद्दल आदरच वाटेल. रेकॉर्डिंग करायचं तर विचारून करा. कुणी एकटं गायला लागलं तर गप्पा थांबवा. आणि कुणीतरी वळून म्हणेल, तुमच्याकडचं काहीतरी होऊन जाऊ दे. तेव्हा लाजू नका. अशा वेळी साधं काहीतरी निवडा, ज्याचं ध्रुपद दोनदा ऐकून समोरच्याला धरता येईल. गवळणीचं ध्रुपद धरून पबमधली माणसं टेबलावर ठेका देताना मी पाहिली आहेत.

पबमध्ये दारू प्यावीच लागते का? मुलांचं काय?

नाही. सोडा घ्या, चिप्स घ्या, पण काहीतरी मागवा आणि वाढणाऱ्यांना टिप नीट द्या, कारण कोपऱ्यातली ती जागा ते तासन्‌तास वाजवणाऱ्यांसाठी सोडतात. दुपारच्या वेळी मुलं चालतात. तरी आम्ही आदल्या दिवशी फोन करून विचारतोच.

फेअरमध्ये जे संगीत ऐकू येतं ते खरंच त्या काळचं असतं का?

बरंचसं नाही. पत्र्याची शिट्टी म्हणाल तर इंग्लंडमध्ये रॉबर्ट क्लार्कने ती 1843 पासून बनवायला सुरुवात केली. बाउरान आज आयरिश संगीताची खूण वाटतो, पण आयरिश संगीतकार शॉन ओ रिआडा यांनी 1960 च्या दशकात आपल्या वाद्यवृंदात घेतल्यावरच तो मंचावर आला. बुझुकी हे तंतुवाद्य मूळ ग्रीक, आयरिश संगीतात तीही त्याच दशकातली. मोठ्या गर्दीला नाचवणारी पथकं जे वाजवतात ते बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं असतं. ते सुंदर असतं, मी त्यावर नाचते, पण हेन्रीने ते ऐकलेलं नव्हतं.

हेन्रीबद्दल अजून एक. ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ हे प्रसिद्ध जुनं इंग्रजी गाणं त्याने ॲन बोलिनसाठी रचलं, हे तुम्हाला तिथे दहा जण सांगतील. त्या गाण्याची पहिली नोंद लंडनमध्ये 1580 ची आहे आणि हेन्री वारला 1547 मध्ये. तो स्वतः गाणी रचत असे हे मात्र खरं. त्याच्या नावावरची गाणी असलेलं हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

त्या काळचं ऐकायचं असेल तर मोठे मंच सोडा आणि पायवाटांवर कान ठेवा. कुठे तीन-चार जणं नुसत्या आवाजात चार सुरांत गात असतात. कुठे एकटा माणूस डाव्या हाताने तीन भोकांची बासरी वाजवतो आणि त्याच हाताला टांगलेला छोटा ढोल उजव्या हाताने. ‘पाइप अँड टेबर’ म्हणतात त्याला, आणि त्या काळात अख्खं गाव एवढ्यावर नाचायचं. कुणाकडे शॉम असेल तर ती ऐकाच. दुहेरी पत्तीची, सनईची चुलत बहीण. पहिला स्वर आला की आपल्याकडच्या लग्नाचा मांडव डोळ्यांसमोर उभा राहतो.

आणि हर्डी-गर्डी. एकदा मी एका वाकड्या बाकावर त्या वादकाच्या अगदी शेजारी बसले होते. उजव्या हाताने तो दांडा फिरवत होता, आत लाकडाचं चाक तारांवर घासत होतं, म्हणजे कधीच न संपणारी कमान. डाव्या हाताने चाव्या दाबून स्वर काढत होता. दोन तारा मात्र सतत एकाच स्वरात घुमत होत्या. तारांना चाक लागतं तिथे त्याने कापूस गुंडाळला होता, आणि दर दोन गाण्यांनंतर तो चिमूटभर कापूस काढून नवा गुंडाळायचा, तोंडाने जरासा ओला करून. मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर जिवारीचा दोरा सरकवत, कान लावून बसलेले कारागीर मी लहानपणी पाहिले आहेत. हुबेहूब तीच मान, तेच डोळे.

आपलं वाद्य फेअरमध्ये नेऊन वाजवता येईल का?

नका नेऊ. तिथले कलाकार नेमलेले असतात, त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि दोन मंचांच्या मधे उभं राहून कुणी वाजवलं तर दोन्हीकडचं बिघडतं. धूळ नि ऊन वाद्याला सोसत नाही ते वेगळंच.

वेश करावाच लागतो का? नऊवारी चालेल?

करावाच असं नाही, साध्या कपड्यांतली माणसंही खूप असतात. वेश भाड्याने मिळतात, पण सप्टेंबरच्या उन्हात मखमलीचा झगा घालून दिवस काढणं सोपं नाही. सुती काहीतरी घाला आणि बूट मजबूत घाला, वाट सगळी मातीची आहे.

नऊवारीचा प्रश्न दर वर्षी येतो. माझं उत्तर ठाम हो आहे, आणि त्याला कारणही आहे. हेन्री गादीवर बसला 1509 मध्ये. पुढच्याच वर्षी, 1510 ला, पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने गोवा घेतला. म्हणजे ज्या काळाचा खेळ तिथे चालतो त्याच काळात कोकणच्या किनाऱ्यावर युरोपची जहाजं लागत होती, आणि दख्खनचं कापड तिकडे जात होतं. ॲन बोलिनला मुलगी झाली, पुढची एलिझाबेथ राणी, ती 1533 च्या सप्टेंबरात. आपल्या एकनाथांचा जन्मही 1533 चाच मानतात. राजाच्या दरबारात तुम्हाला कुणी विचारलं की आपण कुठल्या देशीच्या, तर सांगा, पैठणहून आले. मी सांगितलंय. दरबारातल्या त्या नटाने मान लववली आणि पैठणला काय विणतात ते विचारलं. पाच मिनिटं आम्ही कापडावर बोललो, आणि तो एकदाही भूमिकेतून बाहेर आला नाही.

एक विनंती. ‘जिप्सी’ म्हणून घुंगरं नि ओढण्या विकायला असतात. रोमा लोकांची ती चेष्टा होते, आणि त्यांचे पूर्वज भारतातूनच गेलेले. आपल्या माणसांनी तरी तो वेश टाळावा.

तिथे जुनी इंग्रजी बोलावी लागते का?

‘गुड मॉरो’ म्हणा, आनंद झाला की ‘हुझ्झा’ ओरडा, एवढं पुरतं. पण मराठी माणसाला यात एक सोय आहे. त्या इंग्रजीत ‘दाऊ’ म्हणजे तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही. आजच्या इंग्रजांना हे मुद्दाम शिकावं लागतं, आपल्याला ते रक्तातच आहे. मित्राला दाऊ, राजाला यू. आमच्या मुलांना मराठीतलं तू-तुम्ही समजावून जे साधलं नाही ते रविवारी एका दुपारी साधलं.

घोड्यावरची ती भालेबाजी खरी असते का?

घोडे खरे, चिलखतं खरी, पडणंही खरं. भाल्याचं टोक मुद्दाम ठिसूळ लाकडाचं ठेवतात, ढालीवर आदळलं की त्याच्या चिरफाळ्या उडतात. पहिल्या रांगेत बसलात तर घोडा जवळून जाताना बाकाखालची जमीन हलते. जागा भरतात, वीस मिनिटं आधी जाऊन बसा.

मेरीलँडने 1962 मध्ये जाउस्टिंगला, म्हणजे घोड्यावरच्या भालेबाजीला, राज्याचा अधिकृत खेळ केलं. तो खेळ मात्र वेगळा. कमानींना टांगलेल्या कड्या भरधाव घोड्यावरून भाल्याच्या टोकात ओवायच्या, आणि सगळ्यात छोटी कडी पाव इंचाची.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

भाजलेलं कणीस, बटाट्याचे प्रकार, पाव, चीज, फळं, गोड पदार्थ. सूप घ्याल तर ते कशाच्या पाण्यात शिजवलंय ते विचारून घ्या. सगळ्यांच्या हातात टर्कीची तंगडी दिसेल. टर्की मूळची मेक्सिकोची, इंग्लंडात पोचली ती 1520 च्या दशकात, म्हणजे हेन्रीच्या ताटात ती असू शकते. मका नि बटाटाही पलीकडच्याच खंडातला, आणि बटाटा तर त्याने बघितलेला नव्हता. आम्ही सकाळी घरून पोटभर पोहे खाऊनच निघतो.

टोपी फिरवतात तेव्हा किती टाकायचे?

या प्रश्नावर मला कळकळीने बोलायचं आहे. दोरीवर चालणारे, तलवार गिळणारे, झेलकरी, गाणारे, यांतल्या कित्येकांची खरी कमाई खेळ संपल्यावर फिरणाऱ्या टोपीतच असते. तिकिटाचे पैसे दिले म्हणजे त्यांचे दिले असं होत नाही. ही माणसं वर्षभर फिरतात: हिवाळा संपताना ॲरिझोना, वसंतात डॅलसजवळचं फेअर, उन्हाळ्यात विस्कॉन्सिन, मग मेरीलँड, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ह्यूस्टनजवळचं टॉड मिशन. तमाशाचे फड नारायणगावला राहुट्या टाकतात, गावोगावचे पुढारी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात, आणि मग फड गाडीत सामान भरून या जत्रेतून त्या जत्रेत. तेच जगणं आहे हे. पोरंबाळं सामानाच्या पेट्यांवर बसून अभ्यास करताना मी इथेही पाहिली.

आम्ही माणशी पाच डॉलर दर खेळाला धरतो, आवडलं तर दहा. सुट्ट्या नोटा शनिवारीच काढून ठेवा. आणि टोपी आपल्याकडे यायच्या आत उठून जाऊ नका.

वाद्यं रविवारी कुठे ठेवायची?

आमच्या घरी, खालच्या खोलीत. गाडीत कधीही नाही. एका वर्षी आमच्यातल्या एकीचं व्हायोलिन पार्किंगच्या मैदानात गाडीच्या डिकीत राहिलं, सकाळी दहापासून चारपर्यंत. ते वाद्य तिला तिच्या गुरूंनी दिलेलं. संध्याकाळी पेटी उघडली तर वरची फळी एका बाजूने बाजूपट्टीपासून सुटलेली, नख जाईल एवढी फट. व्हायोलिनचा सरस उष्णतेने मऊ होतो. दुरुस्त झालं ते, पण तिचा चेहरा मी विसरलेले नाही. त्या दिवसापासून शनिवारी रात्री मी स्वतः सगळ्या पेट्या मोजून खाली ठेवते.

भारतातून आई-बाबा आलेले आहेत. त्यांना झेपेल का?

सकाळी दाराशी पहिल्या गर्दीत शिरा, दहाला उघडतं. आगाऊ तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. झाडी बरीच आहे, त्यामुळे सावलीत बसत बसत फिरता येतं. बसायला बाक पाठीशिवायचे आहेत, एखादी छोटी उशी घ्या. गवतातून चालून आल्यावर घरी सगळ्यांचे पाय गोचिडीसाठी नीट तपासा, मेरीलँडमध्ये हे विसरून चालत नाही.

वडीलधाऱ्यांना हे परकं वाटेल अशी भीती असते. माझ्या आईने सबंध दुपार लोहाराच्या भात्यासमोर आणि काच फुंकणाऱ्यासमोर काढली, आणि उठताना म्हणाली, आपल्या मिरजेच्या उरुसात अशीच गर्दी, फक्त इथे धक्के नाहीत.

शनिवारच्या रात्रीसाठी काय तयारी करून येऊ?

एक गाणं. आपल्या घरातलं, आजीने म्हटलेलं, लग्नातलं, जात्यावरचं, शेतातलं. शब्द अर्धे आठवत असतील तरी चालतील, उरलेले जमलेल्यांपैकी कुणाला तरी येतात. गेल्या वर्षी एका मावशींना नाथांच्या भारुडाचं फक्त ध्रुपद आठवत होतं. पुढची कडवी दुसऱ्या घरातल्या काकांना पाठ होती. टाळ नव्हते म्हणून चमचे घेतले. पबमधून आमच्याबरोबर आलेला बाउरानवाला दोन फेऱ्या गप्प बसून ऐकत राहिला, मग अगदी हलक्या हाताने आत आला, आणि तिसऱ्या फेरीला ध्रुपद तोही म्हणत होता, उच्चार जमेल तसा.

पिठलं-भाकरी आमच्याकडे असते. येताना अंथरूण-पांघरूण आणा आणि ठेचा कुणी करणार असेल तर आधी सांगा, दर वर्षी चार घरचा ठेचा येतो आणि ताक कमी पडतं.